मालवाहू व्हॅनची मुक्कामी गाडी करायची आहे: पत्रा कापण्यापूर्वी काय ठरवावे?

कोथरूडचा_प्रवासी

नमस्कार मंडळी,

औषधांच्या वितरणासाठी चार वर्षे वापरलेली माझी उंच छताची मालवाहू व्हॅन आता मोकळी झाली आहे, कारण मी व्यवसाय आवरता घेतला आहे. गाडीला जो भाव सांगितला जात आहे तो मनाला पटत नाही आणि गाडी उत्तम स्थितीत आहे. इंजिनाला आजवर हात लावावा लागलेला नाही, फक्त मागच्या दाराच्या उंबऱ्याखाली गंजाचे दोन डाग दिसतात. पत्नी नोव्हेंबरमध्ये शाळेतून निवृत्त होत आहे. त्यानंतर दर महिन्याला चार-पाच दिवस दिवेआगर, हरिहरेश्वर, गुहागर असे आम्हा दोघांनाच फिरायचे आहे आणि मुक्काम गाडीतच करायचा आहे.

मालाची जागा आतून दहा फूट चार इंच लांब आणि साडेपाच फूट रुंद आहे. उंची सहा फुटांना दीड इंच कमी भरते. माझी स्वतःची उंची पाच फूट आठ इंच आहे. मागच्या दाराला लागून आडवा पलंग, त्याच्या पुढे एका बाजूला ओटा आणि दुसऱ्या बाजूला कपाट, अशी आखणी मी कागदावर केली आहे. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधील सुताराने १९ मिलिमीटरच्या प्लायचे सात तक्ते सांगितले आहेत. भोसरीचे एक फॅब्रिकेटर म्हणतात की आधी दोन खिडक्या आणि छताला झरोका कापून घ्या, बाकीचे नंतर बघू. घरात इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-अवर) ट्युब्युलर बॅटरी पडून आहे. तीच बसवावी आणि स्वयंपाक इंडक्शनवर करावा, असा विचार आहे. एकूण तीन लाखांपर्यंत खर्चाची तयारी आहे.

कागदपत्रांचे काय करावे लागते, मे महिन्यात आत झोपता येईल का आणि विजेची आखणी बरोबर आहे का, या तीन गोष्टींवर अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. फॅब्रिकेटरने पुढच्या आठवड्याची वेळ दिली आहे.

सह्यवाटा

काका, सर्वप्रथम पुढच्या आठवड्याची ती वेळ रद्द करा. पत्रा एकदा कापला की तो पुन्हा जोडता येत नाही, आणि आपल्याच मापांवरून दिसते की आखणी अजून पक्की झालेली नाही.

साडेपाच फूट म्हणजे ६६ इंच. आपली उंची ६८ इंच आहे. त्या ६६ इंचांतून दोन्ही भिंतींचे उष्णतारोधक अस्तर आणि वरची फळी वजा केली की हातात ६३ इंच उरतात. आडव्या पलंगावर आपल्याला रोज गुडघे दुमडून झोपावे लागेल. म्हणून पलंग उभाच घ्या, म्हणजे पाय मागच्या दाराकडे आणि डोके ओट्याकडे. सहा फूट दोन इंच लांबी पलंगाला दिली तरी पुढे चार फूट दोन इंच शिल्लक राहतात आणि तेवढ्यात ओटा व उभे राहण्याची जागा व्यवस्थित बसते. उंचीच्या बाबतीतही हेच होईल. जमिनीला १२ मिलिमीटर प्लाय आणि छताला अस्तर व फळी मिळून ३० मिलिमीटर धरले, तर ७०.५ इंचांतून पावणेदोन इंच जातात. आपले डोके आणि छत यांत एक बोटभर अंतर राहील. जमिनीखाली जाड अस्तर घालण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. आपल्या हवामानात उष्णता छतातून येते, जमिनीतून फारशी येत नाही.

काही करण्यापूर्वी रिकाम्या व्हॅनमध्ये जमिनीवर गादी टाकून दोन रात्री झोपा, एक आपल्या सोसायटीत आणि एक पानशेतच्या बाजूला ओळखीच्या कोणाच्या अंगणात. पलंगाच्या, ओट्याच्या आणि कपाटाच्या जागी पुठ्ठ्याची खोकी मांडा, आणि वहिनींना तिथे उभे राहून चहा करायला सांगा. मी हे केले नव्हते. माझ्या पहिल्या आखणीत ओट्याचा ड्रॉवर सरकत्या दाराच्या खांबाला अडत असे, आणि ते मला सनमायका चिकटवल्यानंतर कळले.

आता उष्णता. मे महिन्यात पुण्यात पारा ४० अंशांच्या आसपास जातो तेव्हा उन्हातल्या छताला हात लावता येत नाही. त्यावर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे छत पांढरे असणे; आपली गाडी पांढरी नसेल तर निदान छत तरी रंगवून घ्या. आतून एसीच्या डक्टवाल्यांकडे मिळणारे नायट्राइल रबराचे १९ किंवा २५ मिलिमीटरचे अस्तर पत्र्याला पूर्ण चिकटवा. त्याची छिद्रे बंद असल्यामुळे ते पाणी शोषत नाही. काचलोकर दमट हवेत ओली होते आणि पत्र्याला ओलावा धरून ठेवते, म्हणून ती नको. थर्माकोल चालत्या गाडीत किरकिरते आणि लगेच पेट घेते, म्हणून तोही नको. चकचकीत फॉइलचा उपयोग तिच्यासमोर हवेची पोकळी असेल तरच होतो. दोन थरांत दाबून बसवली तर ती नुसताच धातूचा कागद असते. एवढे सगळे करूनही दुपारी उन्हात उभी केलेली गाडी तापणारच. अस्तरामुळे ती उशिरा तापते आणि पंख्याने संध्याकाळी लवकर निवते, इतकीच अपेक्षा ठेवा.

मला खरा त्रास उन्हाने नाही, ओलाव्याने दिला. दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात साधारण अर्धा लिटर पाणी हवेत जाते. पहिल्या डिसेंबरात वेल्ह्याच्या बाजूला थंडीमुळे सगळी दारे घट्ट लावून झोपलो. पहाटे पाचच्या सुमारास कपाळावर थेंब पडला. टॉर्च लावला तर छताच्या ज्या आडव्या फासळ्यांवर मी अस्तर लावायचे सोडले होते, नेमक्या त्याच फासळ्यांना खालून ओळीने थेंब लटकलेले होते. दोन महिन्यांनी गादी उचलली, तर खालच्या बाजूला तीळ पसरावेत तसे बुरशीचे काळे ठिपके आले होते. तेव्हापासून फासळ्यांवर पातळ का होईना पण अस्तर, पलंगाला सलग फळीऐवजी अंतर ठेवून पट्ट्या, आणि थंडीतही खालून हवा आत व वरून बाहेर जाईल अशी सोय, या तीन गोष्टींत मी तडजोड करत नाही. पावसाळ्यात घाटात बाहेरचीच हवा इतकी ओली असते की पंखा लावूनही कपडे वाळत नाहीत. जुलैत ताम्हिणीला सलग तीन मुक्काम करण्याचा बेत आखू नका.

प्लायविषयी थोडक्यात. १९ मिलिमीटरचा आठ बाय चारचा तक्ता अंदाजे ४० किलो भरतो, म्हणजे सात तक्त्यांचे २८० किलो झाले. आपली गाडी माल वाहण्यासाठीच बनलेली आहे, त्यामुळे ती या वजनाने दबणार नाही. पण ओटा, पाण्याची टाकी आणि बॅटरी एकाच बाजूला आली तर घाटाच्या वळणावर गाडी त्या बाजूला कलल्याचे जाणवते. ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांचा सांगाडा करून त्यावर ९ मिलिमीटरचा प्लाय लावा. सांगाडा गाडीच्या जमिनीतील माल बांधण्याच्या कड्यांना आणि मूळच्या बोल्टांना घट्ट आवळा. काम अर्धे झाल्यावर एकदा आणि पूर्ण झाल्यावर एकदा वजनकाट्यावर जा, आणि पुढची व मागची चाके वेगवेगळी तोलून घ्या.

संगमपूल

मी बरीच वर्षे वाहनविम्याच्या दाव्यांची पाहणी करत आलो आहे. म्हणून कागदपत्रांविषयी लिहितो आणि तेही सावधपणे लिहितो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रात नोंदलेली आणि निर्मात्याने मूळ ठरवलेली वैशिष्ट्ये बदलतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हे कलम काटेकोरपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ (४) मध्ये अशा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द लक्षात ठेवा, कारण दोन खिडक्या आणि एक झरोका हे तीन बदल ठरू शकतात.

याचा अर्थ मुक्कामी गाडी कायद्याला मान्यच नाही, असा मात्र नाही. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे, आणि अशा मानकांनुसार वाहने तपासणारी एआरएआय ही संस्था तर आपल्या कोथरूडच्या वेताळ टेकडीवरच आहे. भोसरीला सीआयआरटी ही अशीच दुसरी तपासणी संस्था आहे. परंतु ही मान्यता बांधणी करणाऱ्याच्या नमुन्याला मिळते. घरगुती पद्धतीने तयार केलेली एकच गाडी घेऊन तिथे गेल्याने काम होत नाही. म्हणून आपल्यापुढे दोन मार्ग आहेत. ज्याच्या नमुन्याला अशी मान्यता आहे त्याच्याकडून काम करून घेऊन नोंदणीतील प्रकार बदलून घ्यावा. हा मार्ग खर्चिक आहे आणि तीन लाखांत तो बसेल असे मला वाटत नाही. अथवा गाडीचा सांगाडा, पत्रा, आसने आणि इंधनव्यवस्था यांना अजिबात हात न लावता, आतले सगळे सामान बोल्ट सोडवून काढता येईल असेच ठेवावे. या दुसऱ्या मार्गाने गाडी मालवाहूच राहते, पिवळी पाटी तशीच राहते, आणि तो निर्धोक आहे अशी हमी मी देणार नाही. काम सुरू करण्यापूर्वी आखणीचा कागद जोडून परिवहन कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि उत्तरही लेखीच घ्या. खिडकीवर उभ्या असलेल्या मध्यस्थाने ‘होऊन जाईल साहेब’ म्हटल्याला अपघातानंतर काहीही किंमत उरत नाही.

मागच्या भागात चालत्या गाडीत कोणालाही बसवू नका किंवा झोपवू नका. तिथे मान्यताप्राप्त आसन नाही, पट्टा नाही, आणि मालवाहू वाहनाच्या विम्यात मागे बसलेला माणूस धरलेलाच नसतो. एका दाव्यात मागे झोपलेल्या तरुणाच्या पायावर सिलिंडर येऊन पडला होता. गाडीचा वेग फार नव्हता, चालकाने फक्त करकचून ब्रेक लावला होता. त्या कुटुंबाला विम्यातून काहीच मिळाले नाही आणि ते पत्र घेऊन मलाच त्यांच्या दारात उभे राहावे लागले होते. नातवंडे सोबत आली तर त्यांच्यासाठी दुसरी गाडी घ्या.

याशिवाय, गाडीवरचे कर्ज फिटले असले तरी नोंदणीतील वित्तसंस्थेचे नाव काढले आहे का ते पाहा. ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ दिल्याशिवाय ते आपोआप निघत नाही, आणि प्रकार बदलताना किंवा गाडी विकताना नेमके तिथे घोडे अडते. मालवाहू गाडीची योग्यता तपासणी आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी असते. त्या दिवशी गाडी रिकामी करून नेता येणे हासुद्धा सामान सुटे ठेवण्याचा फायदा आहे. विमा कंपनीला आतल्या सामानाची लेखी माहिती द्या. चालक परवान्याची काळजी नको: ७५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. राज्याच्या २०२१ च्या कॅरव्हॅन पर्यटन धोरणाचा उल्लेख कोणी करेल. ते कॅरव्हॅन आणि कॅरव्हॅन पार्क व्यवसाय म्हणून चालवणाऱ्यांसाठी आहे.

ताम्रतार

मी विद्युत अभियंता आहे आणि पिंपरीत माझ्या भावासोबत अशा दोन गाड्यांची वायरिंग केली आहे. काका, घरची ट्युब्युलर बॅटरी गाडीत नेऊ नका. तिचे वजन पन्नास किलोंच्या वर असते, आत आम्ल असते, चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो, आणि आपण तिच्यापासून दोन हातांवर झोपणार आहात. १५० एएच म्हणजे बारा व्होल्टला कागदावर १८०० वॅट-अवर असले तरी बॅटरी टिकवायची असेल तर त्यातले निम्मेच वापरता येतात.

आपली गरज मांडून पाहू. बारा व्होल्टचा लहान फ्रिज चालू असताना ४५ वॅट घेतो आणि साधारण निम्मा वेळ चालतो, म्हणजे दिवसाला सुमारे ५५० वॅट-अवर. दोन पंखे रात्रभर २०० आणि दिवे व फोन मिळून १५०. हे झाले ९००. आता इंडक्शन: १८०० वॅटची शेगडी दोन वेळा मिळून ४० मिनिटे चालली तर १२०० वॅट-अवर, म्हणजे बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त. शिवाय तेव्हा बॅटरीतून दीडशे अँपिअरच्या वर प्रवाह जातो आणि त्यासाठी बोटाएवढ्या जाड केबल लागतात. आपला घरचा इन्व्हर्टर बहुधा हा भार उचलणारच नाही. इंडक्शन सोडा, म्हणजे १०० एएचची एक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे १२८० वॅट-अवर, आपल्या एका दिवसाच्या गरजेला पुरून उरेल; चार-पाच दिवसांसाठी ती अधूनमधून भरत राहावी लागेल. ती साधारण बारा किलोंची असते.

ती भरण्यासाठी छतावर सौर पॅनेल लावण्याआधी गाडीच्या अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राचा, विचार करा. त्यावरून ही बॅटरी भरणारा ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर तासाला सुमारे ३८० वॅट-अवर देतो. पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला चार-साडेचार तास लागतात, म्हणजे घरून रिकामी निघालेली बॅटरी समुद्र दिसेपर्यंत भरलेली असते. पॅनेल घ्यायचेच असेल तर एक ३३० वॅटचे घ्या आणि छताला भोक न पाडता कॅरियरवर बसवा. स्वच्छ उन्हात ते दिवसाला १२०० वॅट-अवरच्या आसपास देईल, भर पावसाळ्यात मात्र त्याच्या पाव हिश्शावरही समाधान मानावे लागते.

तारेच्या जाडीबाबत लोक फार निष्काळजी असतात, म्हणून एक हिशेब पूर्ण करून दाखवते. फ्रिज चार अँपिअर घेतो. बॅटरीपासून फ्रिजपर्यंत पाच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबे. एक चौरस मिलिमीटरची तार वापरली तर तिचा रोध ०.१७५ ओहम होतो आणि ०.७ व्होल्ट वाटेतच जातात. बॅटरी उतरू लागली की पहाटे फ्रिज आपोआप बंद पडतो आणि माणूस फ्रिजला दोष देतो. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली तर घट ०.२८ व्होल्टवर येते. तापकीर गल्लीत या दोन तारांच्या किमतीत जो फरक पडतो तो एका वेळच्या जेवणाहून अधिक नाही. फ्यूज उपकरणाजवळ नव्हे, तर बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात बसवा, कारण फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो.

आणि लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायची धातूची कडी, क्रिम्पिंगच्या हत्यारानेच दाबून घ्या. आमच्या पहिल्या गाडीत मी घाईत एक लग पकडीने दाबला होता. महिन्याभराने चार्जिंग चालू असताना गोडसर जळका वास आला. उघडून पाहिले तर लगजवळचे लाल आवरण मेणासारखे मऊ होऊन खाली ओघळले होते, आणि फ्यूज मात्र शाबूत होता, कारण प्रवाह मर्यादेतच होता. तापत होता तो सैल जोड. तेव्हापासून प्रत्येक जोड मी हाताने ओढून पाहते आणि पहिल्या प्रवासानंतर पुन्हा आवळते.

हर्णैची_लेक

स्वयंपाकाबाबत मी दोन शब्द लिहिते, कारण आम्ही दोघी बहिणी अशीच गाडी घेऊन फिरतो. पाच किलोचा सिलिंडर आणि दोन बर्नरची शेगडी पुरते, पण स्वयंपाक शक्यतो मागचे दार उघडून, शेगडी बाहेरच्या घडीच्या टेबलावर ठेवून करा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर जमिनीलगत साचतो आणि आपल्या नाकापर्यंत उशिरा येतो, म्हणून गॅसचा सूचक जमिनीलगत लावा. रात्री रेग्युलेटर बंद करून काढून ठेवा आणि थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून कधीही झोपू नका.

पाण्यासाठी टाकी बांधून घेऊ नका. वीस लिटरचे दोन जार आणि बारा व्होल्टचा छोटा पंप पुरतो. जार उचलून धुता येतो, टाकी धुता येत नाही. मुक्कामासाठी आम्ही कोकणात घरगुती खाणावळीच्या अंगणात गाडी लावायला परवानगी विचारतो, रात्रीचे जेवण तिथेच घेतो आणि त्यांचे स्वच्छतागृह वापरण्याचे वेगळे पैसे देतो. वहिनींना हे गाडीतल्या शौचालयापेक्षा अधिक सोयीचे वाटेल.

कोथरूडचा_प्रवासी

सर्वांचे मनापासून आभार. फॅब्रिकेटरला आजच दूरध्वनी करून वेळ रद्द केली आहे. संध्याकाळी व्हॅनमध्ये आडवा झोपून पाहिले. अस्तर नसतानाही टाचा पत्र्याला टेकल्या. पलंग उभाच होईल. नोंदणी प्रमाणपत्र काढून पाहिले तर कर्ज फिटून दीड वर्ष झाले असले तरी वित्तसंस्थेचे नाव अजून तसेच आहे, त्यामुळे सोमवारी आधी ते काम हाती घेतो आणि त्याच फेरीत आखणीसह लेखी अर्ज देतो. इंडक्शन आणि ट्युब्युलर बॅटरी, दोन्ही बाद केल्या.

एक शंका उरली आहे. झरोका कापायचा नाही असे ठरवले, तर वरून हवा बाहेर कशी काढावी? आणि उंबऱ्याखालच्या गंजावर अस्तर लावण्यापूर्वी काय करावे?

सह्यवाटा

पुढच्या दोन्ही खिडक्यांना पावसाळी छज्जे लावून काचा दोन बोटे खाली ठेवा आणि आतून डासांची जाळी वेल्क्रोने लावा. मागचे दार किंचित उघडे राहील असा अडसर मिळतो. त्या फटीत, वरच्या बाजूला, जाळीच्या चौकटीत दोन लहान बारा व्होल्टचे पंखे बाहेर तोंड करून बसवा. हवा पुढून येऊन पलंगावरून मागे जाते आणि पत्र्याला एकही भोक पडत नाही. अडसराला आतून कुलूप लागते ना, हे घेतानाच पाहा.

गंज पूर्ण खरवडून चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासा, झिंकचा प्रायमर दोन हात मारा आणि एक दिवस उन्हात वाळू द्या. उंबऱ्याच्या खालच्या कडेला कंपनीने ठेवलेली पाणी निघण्याची छिद्रे असतात. मालाची धूळ साचून ती बुजली असणार, आणि गंज तिथूनच सुरू झाला असणार. सायकलच्या आऱ्याने ती मोकळी करा, वरून तांब्याभर पाणी ओता आणि खाली वाकून पाहा. ते पाणी धारेने बाहेर पडल्याशिवाय अस्तराला हात लावू नका.